मे महिन्यातली चादर

भर मे महिन्यात, सोलापुरात, माझ्या बायकोला थंडी वाजली आणि त्याचं सगळं श्रेय मी घेतलं.

त्या वर्षी नवा कूलर आणला होता आणि मीच जोडला होता. (माणूस कशाला बोलवायचा? बारावीला फिजिक्स होतं की!) चार दिवसांत सुनंदा म्हणाली, "अहो, बंद करा ना, हुडहुडी भरतीय." बाहेर डांबर वितळत होतं आणि बायको चादर पांघरून बसलेली! मी शेजारच्या नरसय्याकाकांना हाताला धरून दाखवायला आणलं.

"वहिनी, खरंच गार लागतंय?"

"पाय गारठलेत हो."

"काय कूलर आहे बे!" म्हणत काकांनी दुसऱ्याच दिवशी तस्साच आणला.

मग काय! सुनंदा बसल्या बसल्या पेंगायला लागली: गारव्याची झोप! आवाज घोगरा झाला: गारठा! वजन वाढलं: गार हवेत भूक लागणारच! (ती अर्धी चपाती खात होती, हे दिसत होतं. पण दिसलेलं सगळं मान्य करायचं असतं का?) न्हाणीच्या जाळीत केसांचे पुंजके अडकायला लागले, ते मात्र मी बोअरच्या पाण्यावर ढकलले. एरवी भांडणात माझ्या तीन वाक्यं पुढे असणारी बाई आता नुसती "असू दे" म्हणायची. म्हटलं, वा! या कूलरने तर डोकंसुद्धा गार केलं!

मग केम गावाहून सुनंदाची थोरली बहीण आली. घामाने निथळत कूलरसमोर बसली आणि ताडकन उठली.

"दाजी, ही भट्टी कुनी लावली?"

"भट्टी? आक्का, कूलर आहे तो! सुनंदाला बघा, थंडी वाजतीय!"

आक्का कूलरच्या मागे गेल्या. "पंपाची वायर लोंबतीय की हितं! गवत कोरडं ठाक हाय!"

म्हणजे दीड महिना मी घरात गरम वारा सोडत होतो! (मला घाम यायचा, पण तो मी बाहेरच्या उन्हावर ढकलत होतो.)

"मग हिला थंडी कशानं वाजतीय?" मी विचारलं.

"त्येच तुमाला इचारतीया! तोंड बगा तिचं, कसं सुजलंय. तुमी निस्ता कूलरच बगत हुता व्हय?"

मी सुनंदाकडे नीट पाहिलं. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच माझे हातपाय गार पडले.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. "थायरॉईडचं काम मंदावलंय. थंडी, सुस्ती, सूज, आवाज, केस... शरीर इतकं ओरडून सांगत होतं. आधी का नाही आलात?"

सुनंदा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ह्यांना वाटलं, कूलर चांगला आहे."

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली. ऑक्टोबरच्या उन्हात एका दुपारी सुनंदाने चादर भिरकावली. "किती उकडतंय हो! त्या पंपाला माणूस बोलवा. तुम्ही हात लावायचा नाही!" सलग तीन वाक्यं! माझे तर डोळेच भरून आले.

नरसय्याकाका अजून दर उन्हाळ्यात खवचटपणे विचारतात, "आमच्या कूलरनं आमची मंडळी काय गारठत नाही बे. तू नेमकं काय केलं होतंस?"

मी खरं तेच सांगतो, "काहीच नाही, काका. दीड महिना मी काहीच केलं नाही."