तोरणासाठी केशरफूल

निघताना मी गॅस बंद आहे ना ते दोनदा बघितलं, चष्मा पुसला, पाण्याची बाटली भरून घेतली आणि डोंबिवलीतल्या माझ्या स्वतःच्याच जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले. प्रवास फोनमधला असला म्हणून काय झालं, निघायच्या सवयी थोड्याच सुटतात!

कारण आधी सांगते. माझी लेक मुक्ता आणि जावई हर्षद यांनी ठाण्यात फ्लॅट घेतलाय, पण ताबा काही मिळत नाही. कंटाळून दोघांनी ठोकळ्यांच्या एका खेळात हुबेहूब तसंच घर बांधलं. रविवारी संध्याकाळी पाचला गृहप्रवेश. ज्याने त्याने आपापल्या फोनवरून यायचं. दाराला तोरण हवं, तेही केशरफुलाचंच, कारण ते अंधारात उजळतं. एका फुलात अख्खं तोरण होतं, पण फूल मिळतं डोंगरापलीकडे, बर्फाच्या कडेला. "तुम्ही दोघी आया मिळून घेऊन या," मुक्ता म्हणाली. दोघी म्हणजे मी आणि माझ्या विहीणबाई, मोहन्याच्या मंदाताई.

आता खरी गोम इथेच होती. लग्नात मंदाताईंनी सुनेसाठी स्वतःच्या हाताने अबोलीची वेणी गुंफून आणली होती. मेकअपवाली नाक मुरडायला लागली, म्हणून मी ती बाजूला ठेवली आणि कापडी फुलं माळू दिली. वेणी पिशवीतच सुकली. तेव्हापासून मंदाताईंचं फोनवर नुसतं "हं" आणि "बरं". मुक्ताला फुलापेक्षा काय हवंय, हे न कळायला मी काही दुधखुळी नाही.

तर दुपारी चारला आम्ही निघालो. फोनवर बोलणं चालू ठेवलेलं. त्या मुलखात सूर्य चौकोनी, ढग चौकोनी, गायसुद्धा चौकोनी. दिवस मात्र दहा मिनिटांत मावळतो. मंदाताई पुढे, मी मागून वाट सांगत. मी भूगोल शिकवलेली बाई, तरी पहिल्याच वळणावर खड्ड्यात पडले.

"लागला का?" मंदाताईंनी विचारलं.

"नाही."

"हं."

वाटेत एक गाव लागलं. तिथे एक मोठ्या नाकाचा गृहस्थ उभा होता. मी त्याला नमस्कार करून डोंगराची वाट विचारली. तो म्हणाला, "हं." पुन्हा विचारलं, पुन्हा "हं". मनात म्हटलं, हा मंदाताईंच्या माहेरचा दिसतो. त्याच्या शेतातलं बीट खाल्लं, दुसरं शाकाहारी काही नव्हतंच. मंदाताईंनी नदीत गळ टाकला, मासा भाजला आणि माझ्याकडे पाठ करून खाल्ला. एवढी मर्यादा त्यांनी खेळातही पाळली, मलाच ओशाळल्यासारखं झालं.

डोंगर चढून गेलो तर बर्फाच्या कडेला ते होतं! एकच फूल, लख्ख केशरी. मी धावले, हात पुढे केला.

"थांबा बाई!" मंदाताई ओरडल्या. "सांज झाली. आता फूल तोरायचा नाय (तोडायचं नाही). झारं झोपतान (झाडं झोपतात)."

"अहो मंदाताई, हा खेळ आहे!"

"तोरण देवाच्या दाराला नं? मंग?"

माझ्या आईनेही मला कधी दिवेलागणीनंतर फूल तोडू दिलं नव्हतं. बसलो दोघी फुलाची राखण करत, उजाडायची वाट बघत. मंदाताईंनी आधी खड्डा खणला आणि त्यात उतरून बसल्या. मी मात्र वर चांदणं बघत राहिले. तेवढ्यात मागून काहीतरी फुसफुसलं. हिरवं, बिनहाताचं. मुलं त्याला फुग्या म्हणतात. तो जवळ येतो आणि फुटतो.

फुटला! डोळे उघडते तर मी मुक्ताच्या नव्या घरात, हात रिकामे. खेळात मेलं की असं घरी पाठवतात.

"मंदाताई! आहात ना?"

"हाव. खड्ड्यात हाय." मग एकदम आनंदाने, "बाई, त्या दनक्यानं फूल परलाय (पडलंय)! परलेला चालतं! दारातला प्राजक्त नाय का आपन परलेलाच वाहत?"

त्यांनी ते उचललं. पण वाट? वाट तर मी दाखवत होते, म्हणजे कुणालाच ठाऊक नव्हती. आणि मंदाताई मेल्या तर फूल त्या अंधारात कुठे पडेल, देव जाणे. घड्याळात पाचला दहा कमी. मी घराच्या गच्चीवर चढले आणि मातीवर माती रचत सुटले. वर मशाल लावली.

"दिसतंय?"

"नाय."

आणखी माती. "आता?"

"दिसला! येते."

माझा जीव टांगणीला लागलेला. फोनवर नुसता त्यांचा श्वास. का कोण जाणे, तेव्हाच तोंडून निघालं, "मंदाताई, लग्नात तुमची वेणी मी बाजूला ठेवली. चुकलं हो माझं. फार चुकलं."

"आता नको बाई," त्या धापा टाकत म्हणाल्या, "मागं कोनतरी लागलाय!"

पाचला दोन मिनिटं असताना त्या दारात पोहोचल्या. तोरण लागलं, सगळं दार उजळलं. मुक्ता फोनवर रडायलाच लागली. हर्षदने मात्र विचारलं, "आई, आमच्या गच्चीवर हा मातीचा मनोरा कुणी बांधला?"

"ऱ्हाऊं दे तो," मंदाताई म्हणाल्या. "त्याच्यावरनंच घर सापरला मना (सापडलं मला)."

दुसऱ्या दिवशी मी खरोखरची निघाले. पुन्हा गॅस बघितला आणि रिक्षा करून थेट मोहने गाठलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. त्यांच्या अंगणात प्राजक्ताचा सडा होता; मी कडेकडेने चालले. मंदाताई ओट्यावर वाटच बघत होत्या. मला बसवलं, तांदळाची भाकरी वाढली आणि आतून अबोलीची वेणी घेऊन आल्या.

"ही तरी माळाल नं?"

माझे केस मानेवरून कापलेले, पांढरे, विरळ. पिन टिकेना. त्यांनी तीन पिना लावल्या, तरी वेणी एका बाजूला कलंडायची. दोघी हसून हसून बेजार झालो आणि मग दोघींनी डोळे पुसले.

परतताना डावा हात डोक्यावर दाबून बसले होते. खड्ड्यांतून रिक्षा उडत होती. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

"मावशी, डोकं दुखतंय का? हळू घेऊ?"

"डोकं छान आहे रे," मी म्हटलं. "पण हळूच घे."