ड्रायव्हरआजोबांची बिनचाकी गाडी

ड्रायव्हरआजोबांनी उभं आयुष्य शहर पाहिलं ते बसच्या काचेतून. वाचनालय हा त्यांच्या लेखी एक थांबा, बाग हा त्याच्या पुढचा थांबा. लोक उतरायचे, लोक चढायचे आणि हे गिअर टाकून पुढे. आत काय आहे असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, आपलं काम दारापर्यंत सोडायचं, आत यायला आपल्याला कुणी आमंत्रण दिलंय? आता याला काय म्हणावं! ज्या दारासमोर वर्षानुवर्षं ब्रेक मारला, त्या दारात माणूस कधी डोकावला नाही.

निवृत्त झाले आणि घरच्यांच्या डोक्याला ताप झाला. सकाळी आंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट, सगळं वेळेवर, आणि मग जायचं कुठे याचा पत्ता नाही. बायको आधीच देवाघरी गेलेली, मुलाची नोकरी फिरतीची, सूनबाई औषधांच्या दुकानात दिवसभर उभी. नातवंडं शाळेला गेली की घरात हे आणि भिंती. सूनबाईच्या डब्यांची झाकणं घट्ट बसतात की नाही ते तपासण्यापर्यंत मजल गेली होती.

तेवढ्यात शाळांना सुट्टी लागली. मुलं सांभाळणाऱ्या बाईंनी ऐन वेळी हात वर केले आणि सूनबाईनं दुकानाजवळच्या पाळणाघरात चौकशी करून टाकली. आजोबा म्हणाले, मी असताना पाळणाघर कशाला? सूनबाई मोजकं बोलणारी बाई, पण बोलली की तोलून बोलणार. तिनं एवढंच विचारलं की, बाबा, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्या माणसाच्या हाती मी दोन पोरं देऊ? तरी शेवटी ती कबूल झाली. पाळणाघराच्या बाई जागा राखून ठेवणार होत्या. मुलांच्या बाबतीत काही कमीजास्त झालं तर दुसऱ्या दिवसापासून मुलं तिकडे, आणि मग त्यावर वाद घालायचा नाही, असं ठरलं. आजोबांनी मान डोलावली. वाद घालायचं बळ त्यांच्यात होतं कुठे? पुन्हा त्या भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा त्यांनी कुठलीही अट मानली असती.

पोरं दोन. थोरली सात वर्षांची, तिला सगळे ताई म्हणत, आणि तीही स्वतःला सगळ्यांचीच ताई समजे. धाकटा चार वर्षांचा टिल्लू, बोलायला कमी आणि हट्टाला पक्का. या दोघांना घेऊन आजोबांनी एकेक थांबा आतून बघायला सुरुवात केली.

आणि काय काय निघालं म्हणता! दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक वाचनालय होतं, त्याच्या जिन्याला फिनेलचा वास, आणि आत मुलांची पुस्तकं मोठ्यांनाही हात पुरणार नाही अशा फळीवर. दुसरीकडे मुलांसाठी खास कपाट होतं, पण किल्ली ज्यांच्याकडे ते गृहस्थ चहाला गेलेले, ते काही आलेच नाहीत. एका बागेत हिरवळ अशी सुरेख की तिच्यावर पाय ठेवायची बंदी. दुसरीतली घसरगुंडी दुपारी अशी तापायची की ताई म्हणाली, हिच्यावर पोळ्या भाजा. टिल्लूचा हिशेब सरळ होता: नळाला पाणी आहे ती बाग चांगली, नाही ती वाईट. फिरून फिरून तिघांचं एकमत झालं ते मोठ्या वाचनालयावर आणि त्याच फुटपाथवर पुढे असलेल्या तळ्याच्या बागेवर. वाचनालयात मुलांची वेगळी खोली होती, बुटक्या खुर्च्या होत्या, आणि तिथल्या बाई कुणाला दटावत नसत.

ही सगळी भ्रमंती चाले ती बसनं नव्हे, बस होऊन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. आजोबा पुढे, मधे टिल्लू हा प्रवासी, आणि मागे गळ्यात पिशवी अडकवलेली ताई ही कंडक्टर. तिनं एकदा 'टिंग' म्हटलं की थांबायचं, 'टिंग टिंग' म्हटलं की निघायचं. रस्ता ओलांडायचा असला की दोघांची मनगटं आजोबांच्या मुठीत, पण एरवी गाडी नियमानं चालायची. मागे बघणारा ड्रायव्हर आणि पुढे बघणारा कंडक्टर, दोघांनाही घरी बसवावं, असं आजोबांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी पोरांना पढवून ठेवलं होतं. माणसं चढली की नाही ते कंडक्टरनं बघायचं. डबल बेल मिळाली की ड्रायव्हरनं रस्ता बघायचा.

वाचनालयात मात्र आजोबा कधी आत जात नसत. गाडी सोडून ड्रायव्हर हलत नसतो, असं सांगून व्हरांड्यातल्या बाकावर बसत. खरं सांगायचं तर त्यांना आत अवघडल्यासारखं व्हायचं. इतकी पुस्तकं, इतकी दबक्या आवाजातली माणसं, आणि आपला आवाज हा असा, इंजिनावर मात करून करून घडलेला. पण हे नातवंडांना कोण सांगणार!

त्या दिवशी सकाळी टिल्लूला जहाजांचं एक मोठं पुस्तक सापडलं. तो ते घेऊन टेबलाखाली शिरला. निघायची वेळ झाली तशी ताईनं त्याला हाक मारली, मग पाय ओढला, मग शेजारच्या मुलाला ऐकू जाईल अशा बेतानं रागे भरली. टिल्लू ढिम्म हलेना. तेव्हा ताईचं डोकं फिरलं. बस मग इथेच, असं म्हणून ती बाहेर आली, रस्त्याकडे तोंड करून तयार असलेल्या आजोबांच्या मागे उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, "टिंग टिंग."

आपण निघालो की हा धावत येईल, नेहमी येतो तसा, अशी तिची खात्री होती. आणि आजोबा? डबल बेल मिळाली, आजोबा निघाले. वाचनालयापासून बागेपर्यंत एकच लांबलचक फुटपाथ, मधे रस्ता ओलांडायचा नाही. ओलांडायचा असता तर तिथेच कळलं असतं. पण नशीब असं की, आजोबा तळ्यातल्या बदकांबद्दल काहीबाही सांगत रमतगमत चालले, आणि मागून ताई "हो, हो" म्हणत राहिली. तिचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

बागेच्या फाटकाशी आजोबा वळले. मागे एकटी ताई. तिनं सांगितलं, येतोच तो मागून. फुटपाथ तर पार टोकापर्यंत रिकामा दिसत होता.

आजोबांनी टाचा उंचावून पुन्हा बघितलं. आयुष्यात त्यांच्या गाडीखाली कधी मांजर आलं नव्हतं, आणि इथे स्वतःचं पोर मागे राहिलं. त्यांनी ताईचा हात धरला आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी धावत सुटले. वाटेत समोरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, एवढासा पोरगा पाहिलात का, निळी चड्डी? लोक माना हलवत. आणि वाचनालयाशी पोचतात तो काय, दुपारच्या सुट्टीचं कुलूप दाराला लागलेलं.

पण व्हरांड्यात, रोज आजोबा बसत त्याच बाकावर, वाचनालयाच्या बाई डबा उघडून बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी टिल्लू. आजोबांचा जीव भांड्यात पडला. बाई म्हणाल्या, कुलूप लावायच्या आधी मी टेबलांखाली बघतेच, रोज कुणाची तरी चप्पल नाहीतर पाण्याची बाटली सापडते. आज हा सापडला. "रडला नाही हो अजिबात, शहाणा आहे," त्यांनी हसत सांगितलं. टिल्लू आजोबांना येऊन चिकटला. त्याला उचलून घेताना आजोबांच्या हाताला त्याची कॉलर लागली. ती चिंब ओली होती.

घरी येताना कुणी बेल दिली नाही. एका वळणावर ताई थांबली आणि खाली बघत म्हणाली, "आईला सांगू नका ना."

आता खोटं कशाला बोला, न सांगण्याचा विचार आजोबांच्याही मनात येऊन गेला होता. टिल्लू तर घरी बोलायचा नाही. बाई कुठे सांगायला येणार? सांगितलं की उद्यापासून मुलं पाळणाघरात, हे तर स्पष्टच होतं. पण डेपोत त्यांची एक सवय होती. गाडीला नखाएवढा ओरखडा गेला तरी आत शिरल्या शिरल्या आपणहून सांगायचं, कुणी विचारायची वाट बघायची नाही. बाकीचे ड्रायव्हर त्यांना हसायचे. उगाच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोस म्हणायचे. पण सवय ती सवय.

"बेल तू दिलीस," ते ताईला म्हणाले, "पण गाडी माझी होती. सांगायचं ते मी सांगेन."

संध्याकाळी सूनबाई आली. तिनं हातपाय धुतले, चहा घेतला, तेवढंच आजोबा थांबले. मग सगळं सांगितलं. ताईचं नाव घेतलं नाही, मागे वळून बघितलं नाही ही चूक माझी, इतकंच म्हणाले. तर दाराआडून ताई रडत बाहेर आली आणि बेल मी दिली, बेल मी दिली, असं म्हणत आईला बिलगली. सूनबाईनं टिल्लूला मांडीवर घेतलं आणि विचारलं की, तू रडलास का रे? टिल्लूनं मान डोलावली. खूप? पुन्हा मान डोलावली. आजोबांना वाटलं, यापेक्षा सूनबाईनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिनं टिल्लूला खाली ठेवलं आणि स्वयंपाकाला लागली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी दाढी केली नाही. सूनबाई मुलांचे डबे भरत होती, पाण्याच्या बाटल्या भरत होती. पाळणाघराची तयारी, दुसरं काय! आजोबा खिडकीशी बसून राहिले. ती समोर येऊन उभी राहिली तरी त्यांनी वर बघितलं नाही.

"बाबा, काल मी फार चिडले होते," ती म्हणाली. "अजूनही थोडी चिडलेलीच आहे. पण मी विचार केला, पाळणाघरात असं काही झालं असतं, तर त्यांनी मला सांगितलं असतं का?"

आजोबांनी आता कुठे वर बघितलं.

"घेऊन जा त्यांना. फक्त आजपासून मुलं पुढे आणि तुम्ही मागे." एवढं बोलून तिनं दोन्ही डबे त्यांच्या मांडीवर ठेवले आणि दुकानाला निघून गेली. आजोबा डब्यांची झाकणं घट्ट बसलीत का ते बघत बसले. शेवटी ताईनंच विचारलं की आजोबा, दाढी करणार की अशीच गाडी काढणार, तेव्हा ते डोळे पुसत उठले.

मागे चालणं वाटतं तितकं सोपं नव्हतं हो. आयुष्यभर ज्यानं माणसं आपल्या पाठीशी घेतली, त्याला आज पहिल्यांदा त्यांच्या पाठी दिसत होत्या. ताई डावा पाय किंचित आत टाकून चालते, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. आणि टिल्लू दर थोड्या वेळानं मागे वळून बघत होता. दिव्याच्या खांबाशी बघितलं, गवंडी भिंत बांधत होता तिथे बघितलं, कुत्रं दिसलं तर कुत्र्याआधी मागे बघितलं. दर वेळी आजोबा हात वर करून म्हणत, आहे रे, आहे. काल काय होऊन गेलं ते त्यांना त्या वळण्यावळण्यात जास्त कळलं.

वाचनालयाशी आले तसे आजोबा सवयीनं बाकाकडे वळले. ताई आत गेली. टिल्लू मात्र उंबऱ्यावरच थांबला, परत आला, आणि आजोबांसमोर उभा राहून म्हणाला, "तुम्ही पण आत."

आजोबा आत गेले. बुटक्या खुर्चीत बसले तर गुडघे छातीला लागले, शेजारची दोन पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी लांबून मान हलवून या म्हटलं. टिल्लूनं कपाटातून जहाजांचं पुस्तक ओढत आणलं, आजोबांच्या पायाशी फरशीवर मांडलं आणि एका मुठीत त्यांच्या विजारीचा पाय पकडून बसला. दुसऱ्या हातानं पानं उलटायला लागला. पुस्तक थोराड, पानं जाड, एका हाताला जुमानत नव्हती. तरी बरीच पानं त्यानं तशीच रेटली. मग एक दुमडलेलं मोठं चित्र आलं, उघडायला दोन्ही हात लागणारं. टिल्लू जरा थबकला. त्यानं मूठ सोडली आणि दोन्ही हातांनी ते जहाज उलगडून त्यावर ओणवा झाला.

आजोबांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. वाचनालय बंद व्हायची वेळ होईपर्यंत त्यांनी तो पाय हलवला नाही.