भिंतीवरचा डोंगर

काल आमच्या तिरोड्यात शेजारीण दसऱ्याआधी पांढऱ्या मातीनं भिंत पोतत होती. तो ओला वास नाकात शिरला आणि मी वीस वर्षं मागे गेले.

तेव्हा मी नवीनच नर्स होते. लसीकरणासाठी गोंडांच्या एका टोल्यावर, छोट्या वस्तीवर गेले, तर सुकवारोबाई अशाच ओल्या भिंतीवर बोटानं चित्र काढत होती. गेरूचा तांबडा डोंगर, त्यावर ऐनाची झाडं, ठिपक्याठिपक्यांची वर जाणारी वाट. "किती सुंदर डिझाइन!" म्हणत मी अगदी भिंतीजवळ गेले.

"चप्पल काढ बाई," ती म्हणाली. "देवाच्या डोंगरावर चढून राहिली तू."

मला हसू आलं. ती हसली नाही.

"आमचं गाव जंगलातून उठलं. आमी इकडं आलो, डोंगर नाही आला. मनून दरसाल काढतो. मंग जातो वर."

मी चप्पल काढली. सारवलेली जमीन तळव्यांना गार लागली आणि अंगावर काटा आला. तरी परतताना वाटलं, चला, म्हातारीचं मन राखलं.

काल शेजारणीच्या भिंतीवर काहीच काढलेलं नव्हतं. कितीतरी वेळ बघत राहिले. मग खाली, अनवाणी पायांकडे लक्ष गेलं. माझ्या चपला फाटकाशीच सुटल्या होत्या.