वर्गमध्यावरचं संत्रं

दिवाळी होऊन गेली होती. अकोल्याच्या दवाखान्यात ताईने डॉक्टरांकडून आपले किती दिवस उरले याचा अंदाज हट्टाने विचारून घेतला. ते म्हणाले, सहा महिने ते दीड वर्ष. भाऊजी खिडकीकडे बघत राहिले. मी पेशाने वकील. उभी हयात अमरावतीच्या कोर्टात गेली. तारीख मिळाली की माणूस तेवढ्यापुरता निर्धास्त होतो. दोन टोकांची बेरीज करून मी मनातल्या मनात निम्मी केली. एक वर्ष... म्हणजे पुढची दिवाळी. अगदी खालची मर्यादा धरली, तरी मी दरवर्षी पाठवतो ती फेब्रुवारीतली मृग बहाराची संत्री ताईला मिळणारच होती. डॉक्टर गेल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मध्य काढला न तू? मीच शिकवलं तुले. पन वर्गमध्यावर कोनी बसलं नसते रे. हिशोबाच्या सोयीसाठी आपन बसवतो."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला. "तुझी ताई गेली," एवढंच म्हणाले. खालच्या मर्यादेच्याही कितीतरी अलीकडे.

ताई अकोल्याच्या शाळेत गणित शिकवायची. शाळेचं वर्ष संपत आलं की सांख्यिकीचा धडा यायचा आणि तिचा फोनही. "संत्रे पाठव. अन् एका मापाचे निवडू नको. लायने, मोठे, वाकडे, समदे पायजे मले." अमरावतीच्या बाजारातला माझा नेहमीचा फळवाला चक्रावून जायचा. "वकीलसाहेब, लोक एकसारखे निवडून नेतात. तुमी असे काहून नेऊन राहिले?" मी म्हणायचो, बहीण मास्तरीण आहे.

एकदा अकोल्याच्या कोर्टात काम होतं, तेव्हा संत्र्यांची पेटी मीच घेऊन गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. ताईजवळ शिलाईचा जुना टेप होता. त्याचं टोक झिजून लोंबत होतं म्हणून तिने पाच सेंटिमीटरच्या रेघेवर कापून टाकलेलं. नवा घेईल तर शपथ! एकेक मुलगी पुढे येऊन संत्र्याचा घेर मोजायची, मोठ्याने आकडा सांगायची, आणि ताई विचारायची, "पाच वजा केले का?" एकीने सगळे आकडे पटापट लिहून टाकू म्हटलं, तर केवढी कडाडली! "नाई. एकेकाचं ऐका. एकदा सारणीत गेलं का मग हे संत्र सापडत नाई. वर्ग तेवढा उरते."

एक संत्रं नेमकं बावीसचं निघालं. वीस ते बावीसमध्ये घालायचं की बावीस ते चोवीसमध्ये, यावर मुलींचं भांडण जुंपलं. ताई म्हणाली, "वरच्या वर्गात. दारात येऊन उभं हाय, त्याले आत घ्या. पन एकदाच मोजा." मग तिने वीस ते बावीसच्या वर्गाचा मध्य काढायला लावला. एकवीस. "आता मले एकवीसवालं संत्र आनून दाखवा." मुलींनी सगळं टेबल उलटंपालटं केलं. एकवीसचं एकही नव्हतं. ताई मिश्कील हसली आणि म्हणाली, "खाऊन टाका आता समदे."

तिच्या शोकसभेला मला हे सगळं आठवत होतं. एकामागून एक वक्ते उठत होते. मनमिळाऊ, शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष... मला भयंकर राग आला. ही बाई कोण? माझी ताई पत्त्यांत बिनदिक्कत लबाडी करायची. वरणात चिंच पडली की ताट सरकवायची. शाळा सोडलेल्या मुलीच्या घरी जाऊन आधी तिच्या बापाला झापायची आणि मग त्याच्याच घरी चहा प्यायची. माझ्या लग्नात ती ऐन मुहूर्ताला रुसून बसली, कशावरून ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती काही सगळ्यांशी गोड नव्हती, आणि मला ती गोड केलेली नको होती. माझी ताई हवी होती, आकडा मोठ्याने सांगून मोजलेली. मला बोलायला उठवलं तेव्हा मात्र मीही "मनमिळाऊ" असंच काहीसं पुटपुटून बसलो.

तेरवीच्या दिवशी निघताना भाऊजींनी तो टेप माझ्या हातात दिला. "आता इथं कोन मोजते?" म्हणाले.

परवा बाजारात गेलो. मृगाची संत्री आली आहेत. फळवाल्याने न विचारताच लहान-मोठी, वाकडी संत्री पिशवीत भरायला घेतली. "ताईचे न?" मी हो म्हणालो. नाही म्हणायला जमलं नाही.

घरी आल्यावर ती टेबलावर ओतली. टेप काढला. पहिल्या संत्र्याभोवती गुंडाळला आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणालो, "सत्तावीस." मग थांबलो. कोणी काही विचारलं नाही. शेवटी पाच मीच वजा केले. बावीस. ते संत्रं उचलून मी वरच्या वर्गात ठेवलं, आणि दुसरं हातात घेतलं.