मारबतीच्या सकाळी मी मारलेली हाक

पहिली हाक मी मारली. गावात हे कुणी कबूल करणार नाही, पोलिसांच्या कागदावरही ते नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

वर्धा जिल्ह्यात, आंजीच्या पुढे आमचं गाव. माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे, घरची शेतीही मीच बघतो. धाकटी बहीण पुण्याला नर्स. तिनं तिथंच टांझानियाच्या माणसाशी कोर्टात लग्न केलं. तो शिकायला आला आणि नोकरीला लागून इथंच राहिला. काळा म्हणजे खरंच काळा. आम्ही स्वतः उन्हात रापून तव्याच्या बुडासारखे झालेले, पण पोरगी पाहायला गेलो की पहिले रंग विचारतो. मी दोन वर्षं तिच्याशी बोललो नाही. दुकानात बसणारे पोट्टे विचारायचे, "काय भाऊ, लाइन गेल्यावर जवाई दिसते का नाई?" मी त्यांच्यासोबत हसायचो आणि आतून जळायचो.

आईनं मात्र हट्ट धरला. म्हणाली, "पोळ्याले बोलाव लेकीले अन् जवायाले. काळा असो का गोरा, माया लेकीचा नवरा हाय तो. तुले काऊन एवढं झोंबून राह्यलं?"

आले दोघं. उंबऱ्यात त्यानं आईच्या पायावर डोकं ठेवलं. पोळ्याच्या दिवशी आमच्या मारक्या बैलाच्या शिंगांना त्यानं बेगड चिकटवली आणि त्या बैलानं मान हलवली नाही. मला त्याच बैलानं दोनदा भिंतीला दाबलंय. "माझे आजोबापण बैल ठेवायचे, दादा," तो मोडक्या मराठीत म्हणाला. मी नुसतं "हं" केलं. खरं सांगू? तो मला आवडायला लागला होता आणि त्याचाच मला राग येत होता.

आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच घरातले पुरुष त्या उचलतात. सगळं गाव ओरडत शिवेवर जातं, "इडा पिडा, रोगराई घेऊन जाय गे मारबत!" तिथं फांद्या फेकायच्या, मारबत म्हणजे चिंध्यांची काळी बाहुली, ती जाळायची आणि मागं न बघता घरी यायचं. आईनं एक फांदी माझ्या हातात दिली, दुसरी त्याच्या. "जा. घरचेच हा तुमी दोघंबी," ती म्हणाली.

रस्त्यानं तो माझ्या बाजूनंच चालत होता. लोक जे ओरडत होते ते तोही ओरडत होता, उच्चार चुकवत, आनंदानं. मागून खिदळणं सुरू झालं. मला कळत होतं, ते त्याला हसतायत आणि त्याच्याबरोबर मलाही. मला त्या हसण्यातून सुटायचं होतं. घर अजून चार पावलंच मागं पडलं होतं तेवढ्यात मी फांदी त्याच्याकडे रोखली आणि गळा फाडून ओरडलो, "ह्या काळतोंड्याले घेऊन जाय गे मारबत!"

बस. गाव खदखदून हसलं आणि मला हलकं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण हलकंच वाटलं.

शिवेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. तोही आधी हसला, त्याला वाटलं थट्टा आहे. मग पाठीत ढेकूळ बसलं. मग दगड. कुणीतरी फांदी सोलून काठी केली होती, ती त्याच्या तोंडावर बसली आणि ओठ फाटून दात दिसले. तो खाली पडला तसे दहा-बारा जण तुटून पडले. ज्यांच्या मुलांच्या बारशाला मी जेवलोय ते लोक त्याच्या बरगड्यांवर लाथा घालत होते. मारबतीसाठी आणलेलं पेट्रोल एकानं त्याच्या सदऱ्यावर ओतलं आणि माचीस काढली. तो फक्त एकच शब्द ओरडत होता, "दादा! दादा!" मी तीन हातांवर उभा होतो. हातात फांदी धरून बघत राहिलो.

बहीण अनवाणी धावत आली. माचीसवाल्याच्या मनगटाला तिनं असा चावा घेतला की तो बोंबलला. मग ती नवऱ्यावर आडवी पडली आणि त्याच्यासाठी उगारलेली काठी तिच्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. गावच्या लेकीला लागलं तेव्हा गाव थांबलं. त्याच्यासाठी नाही थांबलं.

वर्ध्याच्या दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले. त्याचा एक डोळा गेला होता. सुरुवात कुणी केली, असं विचारल्यावर त्यानं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गर्दी होती. आवाज ओळखला नाही." माझा जीव भांड्यात पडला. थू माझ्या जिवावर!

पोलीस गेल्यावर बहीण प्लॅस्टरचा हात सावरत उठली. "त्यानं माया माहेरासाठी तुले वाचवलं, दादा. म्या आंगणातूनच तुया आवाज ओळखला. आता मले माहेर नाई." एवढंच बोलली. त्यानंतर तिची राखी आली नाही. तिला मुलगी झाली हे आईच्या फोनवरून कळलं, तेही आईनं मला सांगितलं नाही, मी दाराआडून ऐकलं.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर हाळ्या सुरू झाल्या तशी मी दारातली फांदी उचलली. आईनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "फेकाले कायले जातं शिवेवर? आपल्या घरची पिडा घरातच दोन वक्त जेवून राह्यली."

मग तिनं मला चहा दिला.