कुठूनही ते अधारताल

माझ्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन एकूण सात दिवस चाललं. त्यांतले पहिले सहा दिवस ते नव्हतंच.

बाबा छोट्या लाइनवरचे निवृत्त स्टेशन मास्तर. जबलपूरहून बरगीच्या बाजूनं सालवनात शिरणारी ती अरुंद रुळांची गाडी बंद झाली, रूळ रुंद झाले, आणि जुन्या स्टेशनांतलं सामान भंगारात निघालं. तेव्हा बाबा भंगारवाल्यांच्या दारोदार फिरले. जबलपूरच्या अधारताल भागातल्या आमच्या घरातली पाहुण्यांची खोली तेव्हापासून पाहुण्यांना बंद आहे. तिथे कंदील आहेत, झेंड्या आहेत, रुळाच्या तुकड्याची घंटा आहे. दार उघडलं की रॉकेल, गंज आणि ओल्या कोळशाचा असा वास येतो, की क्षणभर आपण कुठेतरी निघालो आहोत असं वाटतं. (मी कवितेचा अभ्यास केलेली बाई आहे. सासूबाईंच्या मते तिथे फक्त झुरळं येतात.)

या खोलीतला राजा म्हणजे तिकिटावर तारीख ठोकायचं यंत्र. ओतीव लोखंडाचं, काळंभोर, आखडून बसलेल्या बोक्यासारखं. पुठ्ठ्याचं तिकीट त्याच्या फटीत सरकवलं की 'खट्क!' असा आवाज होतो आणि पुठ्ठ्यावर तारीख उमटते.

बाबांना ऐंशी वर्षं आणि आठ महिने पूर्ण होणार, ती नेमकी पौर्णिमा, आणि वार रविवार! निमंत्रणपत्रिकेचा विषय निघाला आणि कल्पना मला सुचली. (ही कबुली सुरुवातीलाच दिलेली बरी.) पत्रिका तिकिटाच्या आकाराची करायची, जाड पुठ्ठ्याची. पुढच्या बाजूला 'सहस्रचंद्रदर्शन', त्याखाली 'कुठूनही ते अधारताल', आणि बारीक अक्षरांत 'परतीचा प्रवास जेवणानंतर'. मागच्या बाजूला चंद्रावरच्या माझ्या आठ ओळी.

"दीदी, तारीख़ कहाँ डालूँ?" प्रेसवाल्यानं विचारलं.

"तारीख यंत्रातून उमटेल, भैया."

"और टाइम?"

मी त्याच्याकडे करुणेनं पाहिलं. आठ ओळींच्या त्या चांदण्यात 'सकाळी साडेदहा' कुठे बसवणार होते मी?

सोमवारपासून बाबा कामाला लागले. सकाळी अंघोळ करून यंत्रापुढे बसायचे, त्या दिवशी वाटायची तेवढीच तिकिटं ठोकायचे आणि पिशवी घेऊन निघायचे. बाहेरगावची पाकिटं त्यांनी पहिल्याच दिवशी टपालात टाकली. मी दारात उभी राहून तो आवाज ऐकत असे. खट्क... खट्क... जणू काळ एकेक पाऊल टाकत चालला आहे! डोळे मिटून ऐकत असे मी. ते उघडे ठेवले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सोमवारी संध्याकाळी शेजारचे पटेरियाजी सपत्नीक आले. त्यांच्या अंगात कोट होता, पत्नीच्या हातात शाल आणि नारळ. आमच्या घरात सासूबाई डोक्याला तेल थापून बसलेल्या आणि माझा नवरा सुधीर बनियनवर.

"हम जल्दी तो नहीं आ गए?" पटेरियाजी म्हणाले.

"अरे नहीं नहीं, आपका ही घर है!" सुधीर म्हणाला.

त्यांनी चहा घेतला, पोहे खाल्ले, तासभर स्वयंपाकघराच्या दिशेनं आशेनं पाहिलं आणि शाल परत घेऊन निघून गेले. नारळ तेवढा राहिला.

"हे नारळ घेऊन काहून आले व?" सासूबाईंनी विचारलं.

"चतुर्थी असेल," मी म्हणाले. (चतुर्थी नव्हती. पण मी पंचांगापेक्षा प्रतिमेवर विश्वास ठेवते.)

मंगळवारी संध्याकाळी बाबांचे पाच निवृत्त सहकारी आले. इस्त्रीचे कपडे, केसांना कलप, हातात झेंडूचा भलाथोरला हार. बाबांना वाटलं, इतकी वर्षं बोलावतोय, अखेर माझा संग्रह पाहायला आले! ते इतके हरखले की त्यांनी एकेका कंदिलाची कथा सांगितली. कोणत्या रात्री रानडुक्कर रुळावर आलं, कोणत्या स्टेशनावर सीताफळांच्या टोपल्यांनी डबा इतका भरला की प्रवासी टपावर बसले. दोन तास! शेवटी एकानं क्षीण आवाजात विचारलं, "मास्टर साहब, प्रोग्राम कब शुरू होगा?"

"यही तो प्रोग्राम है!" बाबा गरजले आणि दुसरा कंदील काढला.

बुधवारी भजनी मंडळाच्या अकरा बायका आल्या, टाळांसकट. फाटक उघडतानाच त्यांनी गजर सुरू केला होता. सासूबाई धावत आतून आल्या, "अवं, रविवारी हाय न कार्यक्रम!"

"रविवारी? मग तिकिटावर आजची तारीख काहून ठोकली?" मंडळाच्या प्रमुखबाईंनी पर्समधून पुठ्ठा काढून माझ्या नाकासमोर धरला.

मी पाहिलं. बुधवार. माझ्या पायाखालून रूळ सरकले.

"बाबा! तुम्ही रविवारची तारीख नाही ठोकली?"

बाबांनी चष्म्यावरून असं पाहिलं, जणू मी विनातिकीट सापडले आहे. "तिकिटावर तारीख असते ते देण्याच्या दिवसाची. आज खिडकीत बसून पुढची तारीख ठोकायची? सगळ्या नोकरीत नाही केलं म्या ते पाप. आता ऐंशीव्या वर्षी करू?"

"मग लोकांना रविवार कळणार कसा?"

"तुझ्या कवितेत असंल न!"

"तुम्ही वाचली नाही कविता?"

"दोनदा वाचली. मले वाटलं, चंद्र म्हणजेच काहीतरी इशारा हाय."

यावर सासूबाई टाळ्या वाजवत हसल्या. भजनी मंडळानं त्यातच ठेका धरला. अकरा बायकांना चहा करताना मी मनातल्या मनात त्या आठही ओळी तपासल्या. चांदीचं ताट होतं, दुधाचा झरा होता, आभाळाच्या ओंजळीतलं वय होतं. वार नव्हता.

गुरुवारी फोन सुरू झाले. बाहेरगावची तिकिटं पोचली होती आणि प्रत्येकावर उलटून गेलेला सोमवार होता. गोंदियाचा भाचा फुरंगटून म्हणाला, "मामी, तारीख गेल्यावर बोलावून राहिले? न बोलवायचं होतं तर सरळ सांगायचं!" नागपूरच्या चुलतसासूबाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "सगळं नीट पार पडलं न? बाबा बरे आहेत न?" आणि त्यांच्या सुरावरून मला कळेना, की त्या कोणत्या विधीबद्दल विचारत आहेत.

दिवसभर मी एकच वाक्य बोलत होते: "कार्यक्रम रविवारी आहे, सकाळी साडेदहाला." इतकं गद्य मी जन्मात बोलले नव्हते.

बाबा मात्र प्रत्येक फोननंतर एवढंच विचारत, "दुर्गाप्रसादचा होता काय?"

दुर्गाप्रसादजी म्हणजे छोट्या गाडीचे ड्रायव्हर. बाबांच्या स्टेशनात त्यांची गाडी दिवसातून दोनदा यायची. दोघं मिळून एक चहा प्यायचे, अर्धा फलाटावर, अर्धा इंजिनात. गाडी बंद झाल्यावर ते नैनपूरला राहिले, आणि मग भेट नाही. त्यांच्याकडे फोन नव्हता. सोमवारचं एक तिकीट त्यांच्याही पत्त्यावर गेलं होतं.

"त्याले काय वाटंल?" बाबा संध्याकाळी यंत्राशेजारी बसून म्हणाले. "मास्तरनं गाडी सोडून दिल्यावर तिकीट धाडलं."

मला पुढे ऐकवेना. शुक्रवारी मी बाबांच्या त्या पाच सहकाऱ्यांपैकी प्रत्येकाला दोनदा छळलं. एकाकडून नैनपूरच्या एका पानवाल्याचा नंबर मिळाला, दुर्गाप्रसादजींच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची टपरी होती. पानवाला म्हणाला, "वो तो कल से दिखे नहीं, दीदी। घर पे ताला है।"

शनिवारी मी त्याला सहा वेळा फोन केला. सहाव्या वेळी तो म्हणाला, "दीदी, आप कहें तो मैं ही आ जाऊँ?"

रविवार उजाडला. साठ माणसांचा स्वयंपाक, साठ खुर्च्या, आणि माणसं एकवीस. बाकीच्यांतल्या काहींचं म्हणणं, आम्ही एकदा येऊन गेलो; बाहेरगावचे अजून फुरंगटलेले. पटेरियाजी आले, पण कोट न घालता. (विश्वास एकदा गेला की गेला.) बाबा रेशमी उपरणं घेऊन पाटावर बसले आणि फाटकाकडे बघत राहिले.

"यजमान, मुहूर्त टळून राहिला," गुरुजी म्हणाले.

"थांबा."

"किती थांबायचं?"

"ड्रायव्हर यायचा हाय."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. त्या क्षणी मला फुलांचा वास येत नव्हता, तुपाचा येत नव्हता. माझ्याच आठ ओळींचा करपल्यासारखा वास तेवढा येत होता.

आणि फाटकाशी ऑटो थांबला. आतून एक उंच, वाकलेले गृहस्थ उतरले, काखेत कापडी पिशवी. त्यांनी अंगणात येऊन बाबांना कडक सलाम ठोकला. "मास्टर साहब, गाड़ी राइट टाइम है न?"

बाबा पाटावरून उठले. गुरुजी "अहो, अहो!" म्हणत राहिले, पण बाबांनी दुर्गाप्रसादजींना मिठी मारली होती. रेशमी उपरणं खाली पडलं, ते मी उचललं. त्या निमित्तानं मला डोळे पुसता आले.

मग मात्र मला राहवेना. "चाचाजी, टिकट पर तो सोमवार था! आपको आज का दिन कैसे पता चला?"

"लो! टिकट पर तो देने की तारीख़ रहती है, बहूजी। गाड़ी कब की है, वो पूछना पड़ता है।" ते नवलानं म्हणाले. "मास्टर साहब का जनम-दिन मुझे मालूम है, हर साल इंजन रुकवाकर पेड़ा खिलाते थे। बेटी के यहाँ बालाघाट जा रहा था, वहीं पंडितजी से गिनवा लिया। पूनम आज की निकली।"

बाबांनी माझ्याकडे विजयानं पाहिलं. अख्ख्या भारतात एका माणसाला तिकीट वाचता येत होतं!

तरी माझ्यातली कवयित्री गप्प बसेना. "और पीछे की कविता? वो कैसी लगी?"

त्यांनी खिशातून तिकीट काढलं, उलटलं, डोळ्यांजवळ नेलं. माझ्या मुंगीएवढ्या अक्षरांकडे बराच वेळ पाहिलं.

"अच्छा, ये कविता है?" ते संकोचून म्हणाले. "मैं समझा, नियम और शर्तें हैं। वो तो कोई पढ़ता नहीं, बहूजी।"

एकवीस माणसं हसली. सर्वांत मोठ्यानं सासूबाई. आणि खरं सांगते, मी दुखावले नाही. नियम आणि शर्ती असत्या, तर त्यांत निदान तारीख तरी असती!