अमेरिकेला गेलेला वकील

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला आले तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. पुण्यात अकरा वर्षं वकिली केलेली. नवऱ्याला इथे गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली, म्हणून आलो. तो सकाळी सातला बाहेर पडला की दिवसभर मी, दोन खोल्या आणि खिडकीखालचं पार्किंग. कोर्टात तासतासभर उलटतपासणी घेणारी मी बेकरीत बोटाने पाव दाखवत होते.

खालच्या मजल्यावर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एक आजी राहायच्या. त्यांनी मला एकदा कॉफीला बोलावलं आणि पत्रांचं खोकं पुढे केलं. त्यांच्या पणजोबांचा भाऊ तरुणपणी, तिथे गुलामगिरी होती त्या काळात, अमेरिकेला गेला, तिथे वकील झाला, मग आमदार. पुतण्याचं इंग्रजी सुधारावं म्हणून तो त्याला इंग्रजीतून लिहायचा.

"तुम्ही वकील आहात," आजी म्हणाल्या. "हा माणूस नक्की काय करत होता, ते मला समजावून सांगा."

मी दर मंगळवारी जाऊ लागले. त्यांच्याकडे मला वकील म्हणत, एवढंही पुरेसं होतं.

पत्रांतून त्याची गोष्ट उलगडत गेली. सुरुवातीला तो खोगिरं शिवायचा. एका वकिलाच्या ऑफिसात फुकट लिखापढी करून त्याने कायदा वाचला. पहिल्या खटल्यात ज्यूरी त्याच्या उच्चारांना हसली. तरी त्याने जम बसवला, विधानसभेवर निवडून आला. तिथे पळून आलेल्या गुलामांना धरून परत पाठवण्याच्या ठरावाविरुद्ध त्याने मत दिलं. पक्षाने त्याला पुन्हा उभं केलं नाही. अशिलं तुटली. गाव सोडवत नाही, त्याने लिहिलं होतं. दुसरीकडे मला कुणी ओळखत नाही, आणि इथे सगळे ओळखतात.

मी वाचायची थांबले.

"तो परत का नाही आला?" मी विचारलं.

"कसा येणार? इथे सगळ्यांना वाटत होतं, तो मोठा माणूस झालाय."

मीही पुण्याच्या मैत्रिणींना सांगत होते, इथला कायदा समजून घेतेय, मग सुरू करीन.

त्याच आठवड्यात माझ्या वकिलीच्या पदवीला इथे मान्यता मिळेल का, याची चौकशी करायला सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी कागद शांतपणे पाहिले. इथे वकिली करायची तर कायदा पहिल्यापासून शिकावा लागेल, जर्मनमधून.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता, तसाच थांबला.

"परत जायचं का आपण?" त्याने विचारलं.

"तुला जायचंय?" मी म्हटलं.

त्याने दुसरा बूट काढून जागेवर ठेवला. मीही पुन्हा विचारलं नाही. त्याला इथे आवडत होतं, हे मला दिसत होतं.

पत्रांतला वकील उरलेलं आयुष्य त्याच गावात मृत्युपत्रं आणि जमिनीच्या हद्दींचे कागद करत राहिला. पुन्हा निवडून आला नाही. त्याची हकिगत मी इंग्रजीतून चाळीस पानांत लिहून काढली. आजींनी ती जर्मनमध्ये उतरवली आणि नातेवाइकांना वाटली.

दोन वर्षांनी मला एका कंपनीत इंग्रजीतले करार तपासायची नोकरी मिळाली. काम बरं आहे. दिवसभर कागद वाचायचे, चुकलेल्या कलमांवर खुणा करायच्या. उभं राहून बोलायची वेळ कधीच येत नाही.